तळघराच्या भिंतीचा रंग दर वर्षी सुटतो? आधी पोपडा उलटा करून बघा

आमच्या साताऱ्याच्या घराची खालची खोली म्हणजे तळघरच. घर अजिंक्यताऱ्याच्या उतारावर आहे. रस्त्याच्या अंगाला खोलीचं दार आणि एक खिडकी, आणि मागची भिंत खांद्यापर्यंत डोंगराच्या मुरमात. या खोलीत आईने २६ वर्षं शिवणक्लास घेतला. मुलींनी बेतलेलं कापड चुकून मागच्या भिंतीला टेकलं की त्यावर पांढरी भुकटी बसायची. आई ते झटकायची आणि म्हणायची, "भिंतीपासून हातभर लांब बसा गं."

त्या भिंतीला मी तीनदा रंग लावून घेतला. २०१६ मध्ये गणपतीच्या आधी, २०१८ मध्ये दिवाळीच्या आधी आणि २०२३ च्या मार्चमध्ये. पहिला रंग संक्रांतीपर्यंत गळाला. दुसरा पुढच्या श्रावणात फुगून आला. तिसरा तीन पावसाळे काढूनही जागेवर आहे. तिन्ही वेळचे रंगारी काका एकच आणि रंगही साधारण त्याच दर्जाचा. फरक पडला तो तिसऱ्या रंगाच्या आधी गेलेल्या दोन वर्षांमुळे. त्या दोन वर्षांत आम्ही रंगाच्या डब्याला हातही लावला नाही.

दर जूनमध्ये ओळखीतलं कोणी ना कोणी विचारतं, "तळघराला कुठल्या कंपनीचा रंग लावू?" मला त्यांची कळकळ कळते, कारण मीही दोनदा दुकानात जाऊन हेच विचारलं होतं. पण भिंतीत पाणी कुठून येतंय हे कळल्याशिवाय या प्रश्नाला उत्तरच नाही. म्हणून जे केलं आणि जे शिकले ते सविस्तर लिहिते आहे.

सुटलेला पोपडा फेकू नका

रंग सुटला की आपण झाडू घेऊन सगळं गोळा करतो आणि कचऱ्यात टाकतो. तसं करू नका. तीन-चार मोठे पोपडे उचला, उजेडात न्या आणि उलटे करून बघा. पाठीला काय चिकटलंय त्यावरून निम्मं निदान होतं.

पाठ स्वच्छ आणि गुळगुळीत असेल, खाली जुन्या रंगाचा चकचकीत थर दिसत असेल, तर नवा रंग जुन्याला धरलाच नाही. बहुतेक वेळा खाली जुना ऑइल पेंट असतो आणि त्याला पॉलिशपेपर न मारता वरून पाण्याचा रंग लावलेला असतो. याचा ओलीशी फारसा संबंध नाही. नीट घासलं आणि योग्य प्रायमर लावला की काम भागतं.

पाठीला पांढरी, पिठासारखी मऊ पुट्टी आली असेल तर पुट्टी भिजून विरघळली आहे. ॲक्रिलिक पुट्टी किंवा पीओपी सतत ओलीत राहिलं की असंच होतं. रंग बिचारा पुट्टीला घट्ट धरून असतो, पण पुट्टी भिंतीला सोडते.

आणि पाठीला वाळूचे कण आले, हाताला खरखरीत लागलं, खाली प्लास्टरचं भुसभुशीत पीठ झालेलं दिसलं, तर तो लोणा आहे. पाणी मातीतून, दगडातून, सिमेंटमधून क्षार विरघळवून घेऊन येतं. भिंतीच्या पृष्ठभागाशी पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात आणि त्यांचे स्फटिक होतात. प्लास्टरच्या बारीक छिद्रांत हे स्फटिक वाढतात तेव्हा त्यांच्या दाबाने प्लास्टर आतून फुटतं. म्हणूनच आमचा पहिला रंग पावसात सुटला नाही, तो संक्रांतीला सुटला. पावसात भिंत ओली होती, क्षार पाण्यातच होते. ऑक्टोबरनंतर भिंत वाळायला लागली तसे ते बाहेर आले. त्या वेळी आम्ही गोंधळून गेलो होतो, कोरड्या दिवसांत ओलीचा त्रास कसा काय!

२०१८ च्या रंगाची तऱ्हा वेगळी. त्या वेळी आतून एक जाड 'वॉटरप्रूफ' लेप लावून घेतला होता आणि त्यावर रंग. श्रावणात भिंतीवर तळहाताएवढे फुगे आले. एका फुग्याला आईने शिवणाची टाचणी टोचली. आतून स्वच्छ पाण्याची धार निघाली, भिंतीवरून ओघळत फरशीपर्यंत गेली आणि फुगा रिकाम्या पिशवीसारखा लोंबला. आम्ही दोघी बघतच राहिलो. लेपाने पाणी आत येऊ दिलं नव्हतं हे खरं, पण पाणी त्याच्या पाठीशी साचून त्यालाच ढकलत होतं. बाहेरच्या मातीत खोलीच्या फरशीपेक्षा एक मीटर उंचीपर्यंत पाणी साठलं तर भिंतीच्या पायाशी त्याचा दाब दर चौरस मीटरला सुमारे एक टन होतो. आतून लावलेल्या रंगाच्या पातळ थराने एवढ्या दाबाला कसं अडवावं? बाहेरून लावलेल्या थराला पाणी भिंतीवर दाबून बसवतं. आतून लावलेल्या थराला तेच पाणी भिंतीपासून सोडवतं.

पांढरं दिसतं ते लोणा की बुरशी, ही शंका असेल तर त्यावर पाण्याचा फवारा मारा. लोणा पाण्यात विरघळून दिसेनासा होतो. बुरशी विरघळत नाही, तिला कुबट वास असतो आणि ती बहुधा ठिपक्याठिपक्यांनी पसरते. बुरशी साबणाच्या पाण्याने घासायची, तोंडाला मास्क लावून. लोणा मात्र कोरडाच काढायचा, तारेच्या नव्हे तर ताठ नायलॉनच्या ब्रशने, आणि पडलेली भुकटी लगेच उचलायची. पाण्याने धुतला तर क्षार विरघळून परत भिंतीत शिरतात. ॲसिडने धुण्याचा सल्ला बरेच जण देतात. बंद तळघरात मी तो देणार नाही. आणि बुरशीसाठी ब्लीच वापरणार असाल तर ते ॲसिडच्या आसपासही नेऊ नका. दोन्ही मिसळले की क्लोरीन वायू होतो आणि तळघरात तो बाहेर जायला वाट नसते.

पाणी भिंतीतून येतंय की हवेतून?

ही चाचणी फुकटात होते आणि ती केल्याशिवाय एक रुपयाही खर्च करू नये असं माझं ठाम मत आहे. भिंतीवरचा रंग हातभर जागेत खरवडून काढा. ४५ सेंटिमीटर लांब-रुंद पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा तिथे लावा आणि चारही कडा चिकटपट्टीने अशा बंद करा की हवा आत जाणार नाही. किमान १६ तास तसाच ठेवा. आम्ही रात्री लावून दुसऱ्या दिवशी दुपारी बघायचो.

प्लास्टिकच्या आतल्या बाजूला, म्हणजे भिंतीकडे, थेंब आले किंवा खालचं प्लास्टर गडद झालं तर पाणी भिंतीतून येतंय. प्लास्टिकच्या खोलीकडच्या बाजूवर थेंब आले तर ती हवेतली वाफ आहे. दोन्ही बाजूंना आले तर दोन्ही आहेत. एकाच जागी लावून थांबू नका. जमिनीपासून वीतभर, कमरेएवढं आणि डोक्याएवढं असे तीन तुकडे लावा, आणि एक तुकडा मातीला न टेकणाऱ्या भिंतीवर, तुलनेसाठी.

हवेतल्या वाफेचा त्रास लोक फार कमी लेखतात. जुलैत साताऱ्याला बाहेर २६ अंश तापमान आणि हवेत ९० टक्के दमटपणा असेल तर त्या हवेचा दवबिंदू २४ अंशांच्या वर असतो. मातीला टेकलेली भिंत त्यापेक्षा थंड असली की तिच्यावर थेंब जमणारच, पन्ह्याच्या थंड पेल्यावर जमतात तसे. आपण काय करतो? "खोलीला हवा लागू दे" म्हणून भर पावसात खिडक्या सताड उघडतो आणि बाहेरची दमट हवा थंड भिंतीवर आणून सोडतो. आम्ही वर्षानुवर्षं हेच केलं. दमट दिवसांत खिडकी बंद ठेवून आतली हवा कोरडी करायची, आणि ऊन पडून बाहेरची हवा कोरडी झाली की खिडकी उघडून पंखा बाहेरच्या दिशेने लावायचा. पाऊस सुरू असताना खालच्या खोलीत ओले कपडे वाळत घालणं तर अजिबात नको.

माझा मामेभाऊ न्यू जर्सीत असतो. तिकडे बहुतेक घरांना असतं तसं त्याच्या घराला पूर्ण जमिनीखाली गेलेलं काँक्रीटचं बेसमेंट आहे. ऑगस्टमध्ये भिंती ओल्या होतात म्हणून तो महागडा वॉटरप्रूफ रंग आणायला निघाला होता. फोनवरून त्याला हीच चाचणी करायला लावली. सगळे थेंब खोलीकडच्या बाजूला! त्याने हवा कोरडी करणारं यंत्र आणलं, आर्द्रता ५० टक्क्यांवर लावली आणि भिंती वाळल्या. रंगाची गरजच नव्हती.

आमच्याकडे मात्र खालच्या दोन्ही तुकड्यांना आतून घळाघळा पाणी सुटलं.

भिंतीवर पेन्सिलने तारखा

२०२१ च्या पावसाळ्यात मी भिंत खरवडून उघडी केली आणि दर रविवारी ओलीची कड पेन्सिलने आखून शेजारी तारीख घातली. सुरुवातीला घरच्यांना हा खुळेपणा वाटला. सप्टेंबरपर्यंत भिंतीवर नकाशा तयार झाला, आणि त्या नकाशाने जे सांगितलं ते आधी आलेल्या तीन कंत्राटदारांपैकी कोणीही सांगितलं नव्हतं.

ओल कुठे आणि कधी येते याला अर्थ असतो. जमिनीपासून सरळ पट्ट्यासारखी वर चढत असेल, साधारण मीटरभर उंचीपर्यंत, तर ती पायातून केशाकर्षणाने वर येते. जुन्या घरांत जोत्याला डीपीसीचा, म्हणजे ओल वर चढू न देणारा, थर नसतो किंवा वरून भर टाकून तो गाडला गेलेला असतो. कोकणात चिऱ्याच्या घरांना हे फार जाणवतं, कारण जांभा भरपूर पाणी पितो. फरशी आणि भिंतीच्या सांध्यातून रेघेसारखं पाणी येत असेल तर खाली पाण्याचा दाब आहे. भिंतीच्या मधोमध डाग असेल तर बाहेरून आडवं पाणी शिरतंय. वरच्या कोपऱ्यात असेल तर पन्हळ, पावसाच्या पाण्याचा पाइप किंवा वरचं न्हाणीघर तपासा. आणि मे महिन्यात, एक थेंब पाऊस नसताना भिंत ओली असेल तर पाऊस निर्दोष आहे. घरातले सगळे नळ बंद करून पाण्याचा मीटर बघा. काटा हलत असेल तर पाइप फुटलाय.

आमच्या नकाशात दोन डाग होते. एक मोठा, मध्यभागी, मुसळधार पावसानंतर लगेच नव्हे तर दोन-तीन दिवसांनी वाढणारा. डोंगरावरचं पाणी मुरमातून झिरपत खालच्या काळ्या पाषाणापर्यंत जातं आणि त्या कठीण थरावरून सरकत उताराला लागतं. वाटेत आमची भिंत आडवी उभी! म्हणून पाऊस थांबल्यावरही भिंत पाझरत राहायची.

दुसरा डाग उजव्या कोपऱ्यात, पाऊस सुरू झाल्यावर तासाभरात दिसणारा. गंमत म्हणजे तो उन्हाळ्यातही थोडा ओलसर असायचा. मी छत्री घेऊन घरामागे जाऊन उभी राहिले तेव्हा कळलं. गच्चीचं सगळं पाणी आणणारा पाइप भिंतीलगतच्या वाफ्यात सोडलेला होता. आमची गच्ची साधारण १०० चौरस मीटर आहे. नुसता १० मिलिमीटर पाऊस झाला तरी त्या एका पाइपातून हजार लिटर पाणी भिंतीच्या कुशीत ओतलं जात होतं. आणि उन्हाळ्यात त्याच वाफ्यातल्या जास्वंदीला आणि कढीपत्त्याला आई रोज संध्याकाळी दोन बादल्या पाणी घालायची. मी तिला सांगितलं तेव्हा ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "जास्वंद हलवली तर जगेल का गं?" जगली. आता कुंपणाजवळ आहे आणि गणपतीला भरपूर फुलते.

ओल मोजायचं सुयांचं मीटर आणलंत तर एक लक्षात ठेवा. क्षार असलेली भिंत कोरडी असली तरी वीज चांगली वाहून नेते, त्यामुळे मीटर जास्त आकडा दाखवतं. लोणा लागलेल्या भिंतीवर त्या आकड्यापेक्षा प्लास्टिकचा तुकडा जास्त खरं बोलतो.

आधी बाहेर, मग आत

कोपऱ्यातला डाग एका दिवसात निम्मा झाला. पाइपाला जोड देऊन तो घराला वळसा घालून रस्त्याकडच्या गटारात नेला, वाफा काढला आणि भिंतीलगतची जमीन घराकडून बाहेर उतरती केली. पहिल्या तीन मीटरमध्ये १५ सेंटिमीटर उतार मिळाला तर उत्तम. कुणाच्याही तळघराला ओल असेल तर मी आधी एवढंच करायला सांगेन, आणि एक पावसाळा थांबायला सांगेन. बऱ्याच घरांचं दुखणं इथेच संपतं.

मधल्या डागासाठी मात्र खणावं लागलं. २०२२ च्या जानेवारीत स्ट्रक्चरल इंजिनिअरना आणून दाखवलं आणि त्यांच्या देखरेखीखाली भिंतीमागे चर घेतला. हे काम गवंड्याच्या अंदाजावर सोडू नका. चर पायाच्या तळापेक्षा खाली जाता कामा नये, नाहीतर पायाखालची माती मोकळी होते. संपूर्ण लांबी एकदम उघडायची नाही, दोन-दोन मीटरचे तुकडे करत जायचं. आणि दीड मीटरपेक्षा खोल चरात, कडांना फळ्यांचा आधार दिल्याशिवाय कुणाही माणसाला उतरवायचं नाही. माती ढासळायला क्षण पुरतो. एका दुपारी चार वाजता मुरमाची कड सुटली आणि फळ्यांवर येऊन थांबली. आत दोन बिगारी काम करत होते. त्या फळ्यांसाठी मी इंजिनिअरांशी खर्चावरून वाद घातला होता, ते आठवून आजही माझ्या पोटात गोळा येतो.

भिंत बाहेरून उघडी झाल्यावर दगडांमधले सांधे खरवडून पुन्हा भरले, प्लास्टर केलं, ते वाळल्यावर सिमेंट-पॉलिमरच्या दोन भागांच्या लेपाचे दोन हात दिले आणि भराव टाकताना लेपाला दगड लागू नये म्हणून फुगवट्यांची प्लास्टिक शीट उभी केली. चराच्या तळाशी छिद्रांचा पाइप, दर मीटरला एक सेंटिमीटर उतार देऊन. पाइपाभोवती खडी आणि खडीभोवती जिओटेक्स्टाइलचं कापड. कापड विसरलात तर दोन-तीन पावसाळ्यांत मुरमाचा गाळ खडीत शिरून सगळं बंद होतं. उतारावर घर असल्याचा इथे फायदा झाला. पाइपाचं तोंड आपोआप खालच्या रस्त्याच्या बाजूला निघालं. सपाट जागेवर असाल तर पाणी खड्ड्यात गोळा करून पंपाने बाहेर काढावं लागतं.

मार्चमध्ये आतलं काम. ओलीच्या सगळ्यात वरच्या पेन्सिलच्या रेघेपासून आणखी हातभर वरपर्यंत प्लास्टर दगडापर्यंत काढलं. लोणा लागलेलं प्लास्टर वरवर ठीक दिसलं तरी ठेवायचं नाही. त्यात क्षार भरलेले असतात आणि ते हवेतलीही ओल ओढून घेतात. ते मटेरियल भरावातही वापरू नका, बाहेर पाठवा. ही फोडाफोड करताना त्या भिंतीवरच्या बटणांचा आणि प्लगांचा एमसीबी, म्हणजे मुख्य पेटीतला त्यांचा स्विच, बंद ठेवा. ओल्या भिंतीतल्या वायरिंगला ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, असलाच पाहिजे, रंग लावा अथवा न लावा.

घर जुनं असेल तर खरवडताना आणखी एक काळजी. घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा भारतात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या, विशेषतः ऑइल पेंटच्या, थरांत शिसं असू शकतं. कोरडं घासून धूळ उडवू नका. फवाऱ्याने ओलसर करत खरवडा, चांगला मास्क लावा आणि लहान मुलांना त्या दिवसांत खाली फिरकू देऊ नका. आमच्या खोलीत शिकायला येणाऱ्या मुलींबरोबर त्यांची लेकरं यायची, त्यामुळे मला याची फार धास्ती होती.

नवीन प्लास्टर सात दिवस पाणी मारून पिकवलं आणि मग तसंच सोडून दिलं. एक पूर्ण पावसाळा. येणारा-जाणारा विचारायचा, "अजून रंग नाही?" गणपतीत पाहुण्यांनी विचारलं, दिवाळीत नणंदेने विचारलं. आपल्याकडे गणपती-दिवाळीच्या आधी रंग काढायची रीत आहे, ती वरच्या मजल्यांना ठीक. पण तळघराची भिंत वर्षात सगळ्यात जास्त ओली असते ती नेमकी तेव्हाच. तिला रंग लावायचा तो फेब्रुवारी ते मे या काळात. नव्या प्लास्टरला किमान २८ दिवस तर द्यायलाच हवेत. ताजं सिमेंट इतकं अल्कधर्मी असतं की ऑइल पेंटचा त्यावर साबण होतो, रंग चिकट आणि मऊ पडतो.

पावसाळाभर मी रविवारची पेन्सिल चालूच ठेवली. मधला डाग आलाच नाही. कोपऱ्यात हाताच्या पंजाएवढी ओल राहिली.

आणि आता रंग

२०२३ च्या मार्चमध्ये पुन्हा तीन उंचीवर प्लास्टिकचे तुकडे लावले. तिन्ही कोरडे. मग काकांना बोलावलं. त्यांनी भिंतीवर तळहात ठेवला, तो बराच वेळ काढला नाही, आणि म्हणाले, "ताई, रंग मी लावतो, पण पाणी कधीच माझ्या हातात नव्हतं. आता लावू."

पुट्टी आम्ही लावलीच नाही. प्लास्टरच स्पंजने नीट घोटून घेतलं होतं. भिंत गुळगुळीत हवीच असेल तर पांढऱ्या सिमेंटची पुट्टी, तीही पातळ. पीओपी, ॲक्रिलिक पुट्टी, ऑइल पेंट, प्लास्टिकचा वॉलपेपर, प्लायवुडचं पॅनेल, यातलं काहीही मातीला टेकलेल्या भिंतीवर नको. पहिले दोन ओलीत विरघळतात आणि बाकीचे भिंतीचा श्वास कोंडतात. भिंतीत उरलीसुरली ओल वाफ होऊन बाहेर पडू शकली पाहिजे. म्हणून अल्कली सहन करणारा पाण्यातला प्रायमर आणि त्यावर वाफ जाऊ देणाऱ्या मॅट रंगाचे दोन पातळ हात, दोन हातांमध्ये डब्यावर लिहिलेला वेळ पूर्ण देऊन. तळघरात रंग वरच्या खोलीपेक्षा हळू वाळतो, तेव्हा लिहिलेल्या वेळेपेक्षा थोडं जास्तच थांबा. दार उघडं, पंखा बाहेरच्या दिशेने, आणि एकट्याने काम करायचं नाही. थिनर वापरत असाल तर विडी-काडी, देवासमोरचा दिवा, काहीही पेटतं खोलीत नको.

कपाटं आता भिंतीपासून चार बोटं सोडून उभी आहेत. मागून हवा फिरते आणि काही बदल झाला तर टॉर्च मारून बघता येतं.

बाहेरून खणणं शक्यच नसेल तर

पुण्या-नाशिकच्या जुन्या भागात शेजारच्याची भिंत आपल्या भिंतीला चिकटलेली असते, तिथे चर घेणार कुठे? अशा वेळी आतूनच काम करावं लागतं, पण रंगाने नव्हे. प्लास्टर पूर्ण काढून दगड-विटेवर सिमेंटचा नवा थर देतात आणि त्यावर सिमेंटचा, स्फटिक तयार करणारा लेप लावतात. तो त्या थराच्या छिद्रांत शिरून तिथेच घट्ट होतो, त्यामुळे पाण्याने ढकलला जात नाही. तो ओलसर भिंतीवरच लावायचा असतो आणि नंतर पाण्याने पिकवायचा असतो. तो कोरड्या भिंतीवर लावून लगेच रंग मारलेला मी पाहिलाय आणि तो लेप पत्त्यासारखा निघालेलाही पाहिलाय.

आणि कधी कधी सगळ्यात शहाणपणाचा उपाय म्हणजे चुना. थोडी ओल राहणारच असं दिसत असेल आणि खोली अडगळीची असेल, तर कळीचा चुना भिजवून, मुरवून, फडक्याने गाळून, त्यात थोडं डिंकाचं पाणी आणि नीळ घालून तीन पातळ हात द्या. चुना भिजवताना उकळी फुटते, डोळ्यांना चष्मा आणि हातांना मोजे हवेतच. चुना भिंतीला श्वास घेऊ देतो, बुरशीला आवडत नाही, आणि दर वर्षी एक हात मारायला फारसा खर्च येत नाही. फक्त तो जुन्या ऑइल पेंटवर किंवा प्लास्टिक रंगावर बसत नाही, आधी ते पूर्ण खरवडायला लागतात.

आमच्या कोपऱ्यातली पंजाएवढी जागा अजून आहे. दर सप्टेंबरात तिथे बोटाला लागेल इतका लोणा येतो. मी तो ब्रशने झाडते, कागदावर घेऊन टाकते आणि तारीख लिहिते. गेल्या तीन वर्षांत तो वाढलेला नाही. त्या जागेला रंग न देता चुनाच ठेवलाय, भोवतालच्या मोतिया रंगात तो थोडा वेगळा दिसतो. आईला आता दिसतं कमी, तरी ती खाली आली की खुर्ची मागच्या भिंतीलाच लावून बसते आणि क्लासच्या जुन्या मुली भेटायला आल्या की त्यांनाही तिथेच बसवते.